चार नंबरचा चांद

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात कुणी पहिल्यांदाच येणार असलं, तर त्याला आधी बजावून ठेवावं लागे. डाव्या हाताचं तिसरं घर आलं की ओसरीवर एक गृहस्थ पोटावर आडवे पडलेले दिसतील. घाबरायचं नाही. हाक मारायची नाही. तोंडावर पाणी तर मुळीच मारायचं नाही. पाय उचलायचा, ओलांडायचं आणि पुढे यायचं.

पाण्याचा प्रकार एकदा झाला होता म्हणून सांगतो. नडियादहून आमच्याकडे आलेल्या एका भल्या माणसाने ते दृश्य पाहिलं, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि गृहस्थांच्या डोक्यावर रिकामी केली. गृहस्थ हलले नाहीत. मिशांवरून पाणी निथळत असताना त्यांनी आणखी दोन श्वास घेतले, हातातल्या लाकडी बंदुकीचा चाप ओढला, नळीवर ठेवलेला पैसा जागच्या जागी आहे ना ते पाहिलं आणि मगच मान वळवून विचारलं, "कोण आहे?"

आतून त्यांची बायको, आमच्या काकू, बाहेर आल्या. पाहुण्याला म्हणाल्या, "बेसो ने, भाई. ते मेलेले नाहीत. नेम धरताहेत."

हे आमचे जमादार. गायकवाडी फौजेत आजोबा बारगीर, वडील शिलेदार आणि हे संस्थानातले पहिल्या नंबरचे नेमबाज. दर हिवाळ्यात फौज, पोलीस आणि कँपातले गोरे यांच्यात नेमबाजीचा, म्हणजे चांदमारीचा सामना होऊन ढाल लागायची. ती जमादारांनी इतक्या वेळा जिंकली की ढालीवर नावं कोरणारा कासार शेवटी म्हणाला, "जमादार, आता नुसतं 'सदर' लिहितो. वरचंच नाव, लोक समजून घेतील."

ओसरीवरची ती बंदूक सागवानाची. जवळच्या सुताराकडून करून घेतलेली, आत शिसं ओतून खऱ्या बंदुकीइतकी जड केलेली. समोरच्या घराच्या भिंतीवर जमादारांनी काजळाचा एक ठिपका काढला होता, तोच त्यांचा नेम धरायचा चांद. समोरचे शेठ चांगले होते. भिंतीला दर दिवाळीत चुना लावायचे तेव्हा ठिपक्याभोवती वाटीएवढी जागा सोडायचे. त्यांच्या बायकोची खात्री होती की त्या ठिपक्यामुळे घराला दृष्ट लागत नाही.

आता नेमबाजीत गोळी कुठे लागली ते घड्याळावरून सांगतात. चांदाच्या वर लागली तर बारा वाजता, खाली लागली तर सहा वाजता, उजव्या अंगाला तीन, डाव्या अंगाला नऊ. जमादारांचं सगळं जग असं घड्याळात बसवलेलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी आला की म्हणत, "श्रीखंड दोन वाजता वाढ. भजी दहाला आहेत, त्यांना धक्का लावू नको." देवळातून परतताना काकूंकडे पाहून भर रस्त्यात थांबत. "अगं, कुंकू एक वाजता गेलंय." काकू न थांबता म्हणत, "आणि तुमचं पागोटं अकरा वाजता. चला."

वारा ते धोतरांनी मोजत. लांबच्या नेमाला वारा हा खरा शत्रू. गोळी कितीही सरळ सोडा, सहाशे वारांवर वारा तिला बाजूला ढकलतोच. तेव्हा किती ढकलेल याचा अंदाज हवा. सकाळी जमादार गच्चीवर जाऊन साऱ्या दांडिया बाजारातली वाळत घातलेली धुणी पाहत आणि खाली येऊन जाहीर करत, "आज पाव धोतर." पाव धोतर म्हणजे नुसता सोगा हलतोय. अर्धं धोतर, पाऊण धोतर, अख्खं धोतर. ओलं नऊवारी लुगडं दांडीवरून उठलं की त्या दिवशी चांदमारी बंद. एका वर्षी धुळवडीनंतर बोळातल्या सगळ्या बायकांनी ठरवून धुणी घरात वाळत घातली. जमादार गच्चीवरून रिकाम्या दांड्या पाहत राहिले. मग खाली येऊन अत्यंत गंभीरपणे काकूंना म्हणाले, "आज बडोद्यात हवा नाही."

डोळा त्यांचा असा, की बोळातल्या म्हाताऱ्या सुया ओवायला त्यांच्याकडे येत. दुपारी तीनच्या सुमारास पाच-सहा म्हाताऱ्या ओसरीवर रांगेत बसलेल्या आणि फौजेतला जमादार एक श्वास सोडून, दोरा जिभेला न लावता, एका झटक्यात सुई ओवून देतोय. "ही घे, आजी. मधोमध."

शिकारीला मात्र कधी गेले नाहीत. मोठमोठ्या सरदारांची बोलावणी आली. एका सरदारांनी तर गाडी दारात उभी केली. जमादार बाहेर आले, मुजरा केला आणि विचारलं, "सरकार, वाघ सहाशे वारांवर उभा राहील का?"

"तो कशाला उभा राहील?"

"दहा गोळ्या होईपर्यंत थांबेल? प्रत्येक गोळी कुठे लागली ते सांगेल?"

सरदार हसायला लागले.

"मग माझं त्याच्याशी काय काम," जमादार म्हणाले आणि आत निघून गेले.

इतक्या समाधानी माणसाला एकच दुखणं होतं. विलायत.

विलायतेत एक मोठं मैदान आहे, तिथे साऱ्या जगातले नेमबाज दर उन्हाळ्यात जमतात, हजार वारांवरून नेम धरतात, असं त्यांना तरुणपणी कुणा गोऱ्या सार्जंटाने सांगितलं होतं. ते त्यांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. आणि दैवाची थट्टा पाहा. आमचे महाराज विलायतेला वारंवार जात आणि बरोबर लवाजमा जाई. त्यामुळे आमच्या त्या बोटभर बोळात विलायत पाहिलेली तीन माणसं होती. एक चिटणिशीतला कारकून, एक न्हावी आणि एक मुदपाकखान्यातला आचारी. आचारी तर तीनदा जाऊन आलेला. संस्थानातला पहिला नेमबाज तेवढा आबूच्या पलीकडे गेला नव्हता.

आचारी परत आला की जमादार त्याला ओसरीवर बसवून घेत. पान देत. मग हळूच विचारत, "तिकडे वारा कसा असतो?"

"वारा? वारा असतो की."

"कुठून कुठे? सकाळी किती, दुपारी किती?"

"जमादार, मी तळघरात असतो. तिथे कसला वारा? पण कोथिंबीर, विचारू नका. चार काड्यांना…"

"धुणी वाळत घालतात का?"

आचारी विचार करी. "बाहेर नाही घालत. पावसाची."

जमादार मान डोलवत आणि कितीतरी वेळ समोरच्या ठिपक्याकडे पाहत बसत. धुणी वाळत न घालणाऱ्या देशात वारा मोजायचा कसा, हा प्रश्न त्यांनी अनेक वर्षं मनात वागवला. कपाटात त्यांनी एक जाड लोकरी कोट शिवून ठेवला होता. दर पावसाळ्यानंतर काकू तो उन्हात टाकत, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवत, आणि याबद्दल त्या घरात कुणी एक अक्षर बोलत नसे.

मी तेव्हा विद्याखात्यात नवा कारकून होतो. सक्तीच्या शिक्षणाचे दिवस. कोणाचा मुलगा शाळेत किती दिवस गैरहजर, याचे तक्ते मी भरायचो. जमादारांच्या शेजारच्या घरात माडीवर बिऱ्हाड. एका सकाळी त्यांनी खालून हाक मारली.

"कारकून, रविवारी काय करतोस?"

"झोपतो."

"खंदकात बसशील?"

शहराबाहेर हरणीच्या बाजूला तेव्हा मोकळा माळ होता, तिथे चांदमारी. माळाच्या एका टोकाला नेमबाज पडतो. दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, बांधापुढे माणूसभर खोल खंदक. खंदकाच्या वर लाकडी चौकटींत निशाणं उभी असतात, कापडावर कागद डकवलेली, मध्ये काळा गोल. तो काळा गोल म्हणजे चांद. गोळी येते ती खंदकातल्या माणसाच्या डोक्यावरून निशाण फोडून बांधात शिरते. खंदकातल्या माणसाला म्हणतात मार्कर. त्याने निशाण दोरीने खाली ओढायचं, भोक कुठे आहे ते पाहायचं, खळ लावून कागदाच्या तुकड्याने बुजवायचं, निशाण वर चढवायचं आणि काठीला लावलेल्या थाळीने लांबच्या नेमबाजाला खूण करायची. चांद असला तर पांढरी थाळी. गोळी निशाणावर कुठेच लागली नसली तर लाल बावटा.

"मलाच का?" मी विचारलं. "फौजेत एवढे शिपाई आहेत."

"शिपाई दोस्तासाठी खोटं दाखवतो," जमादार म्हणाले. "कारकून खोटं लिहितो ते फक्त साहेबासाठी. मी साहेब नाही. तू चालशील."

अशी माझी नेमणूक झाली. सहा वर्षं मी दर रविवारी त्या खंदकात बसलो. कानावर पेन्सिल, मांडीवर वही, शेजारी खळीची वाटी. आणि तिथे मला जमादारांची खरी करामत कळली. गोळी झाडली की खूण दिसण्याआधीच नेमबाजाने ती कुठे गेली ते स्वतः सांगायचं, अशी त्यांची रीत होती. दुसरं कुणी हे करत नसे, कारण सांगून चुकण्यापेक्षा न सांगणं बरं. जमादार बंदुकीवरून गाल न उचलता बोलत. "चांद, चार वाजता." "बाहेर, नऊ वाजता, दोन बोटं." त्यांच्यापाशी बसलेला शिष्य ते लिहून घेई, खंदकात मी भोकं लिहून घेई, आणि संध्याकाळी आम्ही दोन्ही वह्या जुळवत असू. सहा वर्षांत त्या वह्यांत फरक पडला नाही. मी कारकून माणूस, दोन वह्या कधीच जुळत नाहीत यावर माझा धर्म उभा होता. त्या वह्यांनी मला भाविक केलं.

शिष्य म्हणजे जीवण. पोलिसातला हवालदार, पेटलादकडचा, पंचवीस-सव्वीसचा, मनगट तुळईसारखं. जमादारांनी त्याला स्वतः हेरलं, शिकवलं. तो त्यांना उस्ताद म्हणे.

आणि मग एका हिवाळ्यात दरबारातून हुकूम आला. यंदा जो ढाल जिंकेल तो महाराजांच्या लवाजम्याबरोबर विलायतेला जाईल आणि तिथल्या मैदानात संस्थानातर्फे उतरेल.

बोळात त्या दिवशी पेढे वाटले गेले, म्हणजे ढाल जिंकायच्या आधीच. न्हावी येऊन बोटीवर काय काय होतं ते सांगून गेला. काकूंनी कोट काढला, बटणं पक्की केली. जमादारांना पेन्शनीला आठ महिने उरले होते, आणि ढालीला फक्त चाकरीतली माणसं उतरत. म्हणजे हीच वेळ. पुढची नव्हती. जमादार कुणाशी त्याबद्दल बोलले नाहीत. फक्त त्यांनी चहा सोडला, आणि गच्चीवर दिवसातून दोनदा जायला लागले.

सामन्याचा दिवस अर्ध्या धोतराचा. सकाळपासून एकेक जण गळत गेला. कँपातले गोरे गेले, फौजेतले गेले. शेवटच्या फेरीला दोघेच उरले. तीन नंबरच्या निशाणावर जमादार, चार नंबरच्या निशाणावर जीवण. तीन नंबरच्या खाली मी. चारच्या खाली फौजेतला एक म्हातारा शिपाई, चिलमीचा भक्त.

जीवणच्या गोळ्या आधी संपल्या. शेवटची त्याची चांदात होती. शिपायाने भोक बुजवलं, पांढरी थाळी दाखवली, निशाण वर तसंच ठेवलं आणि आपलं काम संपलं म्हणून माझ्याकडे पाठ करून चिलीम भरायला बसला. मी वहीत बेरीज केली. जमादारांची एक गोळी राहिली होती. ती चांदात, तर ढाल त्यांची. चांदाबाहेर कुठेही, तर जीवणची.

मी वाट पाहत राहिलो. गोळी येईना. खंदकातून वर फक्त आभाळ दिसतं.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर जीवणने सांगितलं. वारा मध्येच उचलला होता. जमादार नेम धरून थांबले. अशा वेळी त्यांची एक सवय होती. ते दोन्ही डोळे मिटून घेत, अंग जमिनीवर सैल सोडत, आणि वारा पडला की डोळे उघडत. उघडले की चांद समोर असायचाच, इतकं अंग नेमात बसलेलं असे. निशाणाखालचा नंबर ते कधी पाहत नसत. नंबर वाचणं हे नवशिक्यांचं काम, असं म्हणत. त्या दिवशी फार वेळ थांबावं लागलं. कोपर वीतभर नव्हे, बोटभर सरकलं असेल. वारा पडला, डोळे उघडले, चांद समोर होता, चाप ओढला.

खंदकात मला आवाज आला. मी वर पाहिलं. माझं निशाण कोरं होतं.

मी शेजारी पाहिलं. चार नंबरच्या चांदात, खालच्या अंगाला, एक स्वच्छ नवं भोक. त्यातून आभाळाचा ठिपका दिसत होता.

दुसऱ्याच्या निशाणावर लागलेली गोळी म्हणजे शून्य. चांद असला तरी शून्य. मला लाल बावटा हलवायचा होता. तो माझ्या पायाशी पडलेला होता.

मी जे केलं ते करायला मला फार वेळ लागला नाही, हे आजही मला नीट समजत नाही. गोळीचं भोक आणि कारकुनाची पेन्सिल यांची जाडी जवळजवळ सारखी असते. मी माझं निशाण खाली ओढलं, कानावरची पेन्सिल काढली आणि चांदाच्या मधोमध आरपार घातली. मग गुडघ्यांवर रांगत गेलो, चारचं निशाण खाली ओढून खळ लावलेला तुकडा त्या खऱ्या भोकावर चिकटवला, पुन्हा वर चढवलं. शिपाई चिलमीवर फुंकर घालत होता. परत येऊन मी माझं निशाण वर चढवलं आणि पांढरी थाळी दाखवली.

माळाच्या त्या टोकाकडून आरोळी आली. लोक नाचत असावेत. मी भिंतीला टेकून बसलो आणि मला जमादार बोटीच्या कठड्याला धरून, लोकरी कोट घालून, खाऱ्या वाऱ्याकडे बोट ओलं करून उभे असलेले दिसले. स्पष्ट दिसले.

मग हुकूम आला. मार्करने निशाण घेऊन इकडे यावं.

सहाशे वार चालत जायचे म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी चौकट खांद्यावर घेऊन निघालो, मागे शिपाई चार नंबरची चौकट घेऊन. पोचलो तर सगळे गोल करून उभे. मध्ये सामन्याचे पंच कप्तानसाहेब, आणि त्यांच्यासमोर जमादार, कोपरांना माती.

गोळी सुटताच त्यांची नजर खालच्या नंबरावर गेली होती, आणि थाळी वर यायच्या आधीच जमादारांनी नेहमीसारखं सांगितलं होतं, "चार नंबर. चांद, सहा वाजता." जीवणने ते लिहूनही घेतलं होतं.

कप्तानसाहेब समजूतदार माणूस. ते म्हणत होते, "जमादार, मार्करने तीन नंबरवर चांद दाखवला. मी चांद लिहिला. कुणाचीही तक्रार नाही."

"माझी आहे," जमादार म्हणाले.

त्यांनी माझ्या चौकटीजवळ येऊन भोक पाहिलं. खऱ्या भोकाला गोळीची करडी मळकट कड असते. माझ्या भोकाची कड पेन्सिलीने चकचकत होती. जमादारांनी एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा माझ्या कानाकडे, तिथे पेन्सिल होती. मग त्यांनी आपली करंगळी त्या भोकात घालून कडेची चकाकी पुसली आणि कप्तानसाहेबांकडे वळले.

"जुनं भोक आहे, साहेब. मागच्या गोळीचं. बुजवायचं राहिलं. कारकुनाची नजर चुकली."

"आणि तुमची गोळी?"

"चारवर पाहा."

चार नंबरवर सहा वाजता तुकडा होता, खळ अजून ओली. कप्तानसाहेबांनी म्हाताऱ्या शिपायाला विचारलं, हे कुणी बुजवलं? चिलमीच्या वासात उभा असलेला तो वीर छाती काढून म्हणाला, "मीच, हुजूर. गोळी आली, लगेच बुजवलं."

त्या माळावर त्या घटकेला आम्ही तिघे खोटं बोललो. मी, शिपाई आणि जमादार. जमादारांनी सहा वर्षांत भोकाबद्दल सांगितलेलं ते एकच खोटं, आणि ते माझी नोकरी वाचवायला. स्वतःच्या गोळीबद्दल मात्र त्यांनी खरं तेच सांगितलं. पेन्सिलीने कप्तानसाहेबांच्या वहीत चांद खोडला गेला.

जीवण धावत आला आणि त्यांच्या पायांवर पडला. "उस्ताद, हुं नथी जतो. तमे जाव. आ ढाल तमारी छे."

"ऊठ," जमादार म्हणाले. "जवानुं छे. पवन जोईने मारजे." जायचं आहे, वारा पाहून मार. एवढंच बोलले.

आम्ही दोघे चालत घरी आलो. हरणीपासून दांडिया बाजारापर्यंत जमादार पुढे, मी मागे. खंडेराव मार्केटपाशी एका ओळखीच्या बागवानाने हाक मारली, "जमादार, ढाल क्यां?" त्यांनी हात वर केला, जणू ती मागून येतेय.

काकू दारात होत्या. त्यांनी एकदा जमादारांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. जरा वेळाने आतून कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. मग चहा आला. जमादारांनी तो घेतला.

आठ दिवस मी ओसरीकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी गेलो. ते पोटावर पडले होते, ठिपक्यावर नेम. मी ओलांडलं नाही, पायाशी बसलो.

"मी कप्तानसाहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगतो," मी म्हणालो.

"आता?" बंदुकीवरून गाल न उचलता ते म्हणाले. "आता तू सांगितलंस तर मी खोटा पडतो. एवढी वर्षं मी सांगितलेली प्रत्येक गोळी खोटी पडते. तोंड मिटून बस."

मी मिटलं.

"मला वाटलं…"

"काय वाटलं ते ठाऊक आहे." चाप ओढला. पैसा पडला नाही. "तुला वाटलं मला विलायत पाहिजे. पाहिजेच होती. फार पाहिजे होती. पण तिथे जाऊन मी गोळी झाडली असती आणि सांगितलं असतं, चांद. मग मलाच वाटलं असतं, खरंच का?" ते उठून बसले. कोपर चोळत राहिले. "यापुढे तू खंदकात बसायचं नाहीस."

ही शिक्षा मला पुरली. रविवारी मी माडीवर झोपून राही आणि हरणीच्या दिशेने कान लावी. इतक्या लांबून काही ऐकू येत नसे.

माघात जीवणच्या निघण्याचा दिवस आला. लोकरी कोट त्याला दिला होता. बाह्या आखूड झाल्या, तरी त्याने तोच घातला. सारा बोळ स्टेशनवर निघाला. आचारी, न्हावी, शेठ, हार, नारळ. जमादार त्या सकाळी लवकर आंघोळ करून आले, खालून हाक मारली.

"कारकून, स्टेशनवर जाणार आहेस?"

"तुम्ही?"

"मी चांदमारीवर चाललोय. खंदकात दुसरा माणूस ठेवलाय. तू माझ्या मागे बस."

सहा वर्षांत मी त्यांची अगणित भोकं पाहिली होती, बुजवली होती, त्यांचे तक्ते केले होते. त्यांना गोळी झाडताना पाहिलं नव्हतं. खंदकातून दिसत नाही. आता मी त्यांच्या मागे, दोन हात अंतरावर मांडी घालून बसलो. समोर त्यांच्या पायांचे उताणे तळवे, भेगा पडलेले.

ते पडले, गाल लावला, आणि मी चकित झालो. मला वाटत होतं की हा माणूस दगडासारखा निश्चल होत असणार. जमादार थरथरत होते. खांदे, पाठ, कंबर, सगळं अंग बारीक थरथरत होतं. दूर कुठेतरी गाडीने शिट्टी दिली. थंड हवेत ती स्पष्ट ऐकू आली आणि लांबत गेली. थरथर वाढली. त्यांनी चाप ओढला नाही. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. शिट्टी पार विरून गेली. मग ती थरथर पाठीवरून खाली सरकली, मांड्यांत आली, पोटऱ्यांत आली, शेवटी सगळी त्या दोन तळव्यांत उतरली. तळवे पिंपळाच्या पानासारखे हलत होते. बाकी सगळा माणूस थांबला होता. श्वास अर्धा सुटला. गोळी गेली.

"चांद," ते म्हणाले. "अकरा वाजता."

पांढरी थाळी वर आली, अकराच्या जागी टेकली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"माझे पाय हलत होते का?"

माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत.

"हलत होते," मी म्हणालो.

"किती?"

"फार."

जमादारांनी कोपर पुन्हा मातीत रोवलं. मग मिशीत हसले आणि दुसरं काडतूस भरलं.

"हळूहळू," ते म्हणाले, "मार्कर होशील तू."